टर्बो गाडीतला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह: निवड आणि फिटिंग

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, बोलताना नुसतं बीओव्ही, म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिनात टर्बो आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी चकती असलेला भाग) यांच्यामधल्या पाइपवर बसणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह. काम एकच, थ्रॉटल अचानक मिटला की मध्ये अडकलेल्या दाबाच्या हवेला वाट करून देणं. टर्बोचा कंप्रेसर लाखाच्या वर आरपीएमने फिरत असतो, गिअर बदलायला तुम्ही पाय उचलला की थ्रॉटलची चकती बंद होते पण कंप्रेसर काही लगेच थांबत नाही, तो हवा ढकलतच राहतो आणि पुढे जागा नाही म्हणून ती हवा कंप्रेसरच्या पात्यांवरूनच उलटी मागे येते. जोरात चालू असलेला नळ एकदम बंद केला की पाइप धडधडतो, साधारण तसंच. याला कंप्रेसर सर्ज म्हणतात. रील्समध्ये जो 'स्टु-टु-टु' ऐकू येतो तो बहुतेक वेळा या उलट्या हवेचाच असतो, व्हॉल्व्ह नीट उघडला की आवाज येतो एकच लांब 'प्श्श'.

सर्जमुळे टर्बो दुसऱ्या दिवशी उडतो असं काही नाही. ८६-८७ ची ब्यूइक ग्रँड नॅशनल कंपनीतूनच बीओव्हीशिवाय यायची आणि व्यवस्थित पळायची. पण बूस्ट, म्हणजे टर्बोने तयार केलेला हवेचा दाब, वाढवला, टर्बो मोठा टाकला की प्रत्येक गिअर बदलताना शाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर झटका बसतो, शिवाय कंप्रेसरचा वेग पडल्यामुळे पुढच्या गिअरमध्ये बूस्ट यायला उशीर होतो. म्हणून आजच्या बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांत कंपनीचाच व्हॉल्व्ह असतो आणि स्टॉक बूस्टला तो पुरतो. बदलायची खरी गरज दोनच वेळा येते, एक तर तो लीक होतो किंवा गाडी ट्यून करून बूस्ट वाढवलेला असतो. फोक्सवॅगन-ऑडीच्या २.० टीएफएसआयवर सुरुवातीच्या व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटायची तक्रार सर्रास होती. मित्सुबिशी एक्लिप्सच्या दुसऱ्या पिढीचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह वाढीव बूस्टला गळायचा, म्हणून अमेरिकेत लोक पहिल्या पिढीच्या एक्लिप्सचा धातूचा व्हॉल्व्ह भंगारातून आणून बसवायचे, आणि तो उपाय महागड्या ब्रँडेड व्हॉल्व्हपेक्षा काही कमी नव्हता.

आता निवडीचा मुख्य मुद्दा. आवाज, रंग, ब्रँड हे सगळं नंतर, आधी बघायचं की गाडी हवा मोजते कशी. काही इंजिनांत एअर फिल्टरच्या लगेच पुढे हवेचं प्रमाण मोजणारा मॅफ सेन्सर असतो, म्हणजे हवा टर्बोत शिरायच्या आधीच मोजली जाते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या हिशोबाने पेट्रोल सोडतो. ही मोजलेली हवा तुम्ही बाहेर सोडलीत तर ईसीयूला ते कळत नाही, पेट्रोल तेवढंच पडतं, मिश्रण क्षणभर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, होतं, मग सायलेन्सरमध्ये फटाके, मागे काळा धूर, सिग्नलला थांबताना गाडी बंद पडणं आणि हळूहळू प्लग काळे होणं हे ठरलेलं. अशा गाडीला हवा परत इनटेकमध्ये सोडणारा, म्हणजे रीसर्क्युलेटिंग किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्हच हवा. दुसऱ्या प्रकारच्या इंजिनांत मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलनंतर सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या भागातला, दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, तिथे हवा बाहेर गेली तरी पेट्रोलचा हिशोब चुकत नाही. टोयोटाचं २जेझेड-जीटीई हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण, जपानसाठीच्या इंजिनाला मॅप आणि अमेरिकेत विकलेल्या सुप्राला मॅफ, त्यामुळे 'मित्राच्या सुप्रावर चाललं' हे ऐकून काही ठरवता येत नाही. निसान स्कायलाइनच्या आरबी२६ इंजिनाला तर दोन मॅफ आहेत. सुबारू डब्ल्यूआरएक्सला मॅफ एअरबॉक्सजवळ असल्यामुळे तिथे वातावरणात उघडणारा व्हॉल्व्ह लावला की वरचा सगळा त्रास दिसतो, म्हणून थोडी हवा आत आणि थोडी बाहेर सोडणारे मिश्र व्हॉल्व्ह तिथे चालतात, ऑस्ट्रेलियाच्या जीएफबीचा रिस्पॉन्स त्यातलाच, त्याचं प्रमाण हाताने कमीजास्त करता येतं.

स्प्रिंगबद्दल मात्र प्रचंड गैरसमज आहे. बूस्ट जास्त म्हणून स्प्रिंग कडक, असं अनेक मेकॅनिकसुद्धा सांगतात. व्हॉल्व्हच्या खालून पाइपमधला दाब ढकलतो आणि वरून एका बारीक नळीतून मॅनिफोल्डचा दाब येतो. पूर्ण थ्रॉटलला दोन्हीकडे जवळपास सारखाच बूस्ट असतो, १ बार असो की २ बार, ते एकमेकांना तोलतात, व्हॉल्व्ह मिटलेला राहतो. पाय उचलला की वरच्या बाजूला व्हॅक्यूम तयार होतो, खाली अजून बूस्ट असतो, आणि व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे स्प्रिंग निवडायची ती आयडलच्या व्हॅक्यूमवरून. धडधाकट इंजिन समुद्रसपाटीला साधारण १८ ते २२ इंच पारा (व्हॅक्यूमचं माप) दाखवतं, इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम मोठा टाकलेलं त्याहून कमी. इथे आपल्याकडची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, उंचीवर दर हजार फुटांना साधारण एक इंच व्हॅक्यूम कमी दिसतो, म्हणजे मुंबईत २० दाखवणारी गाडी पुण्यात १८च्या आसपास आणि महाबळेश्वरला १५-१६ दाखवेल, आणि मुंबईत अगदी काठावर सेट केलेली कडक स्प्रिंग घाट चढल्यावर फडफडायला लागेल. अमेरिकेच्या टायलचा ५० मिलीमीटरचा क्यू व्हॉल्व्ह म्हणूनच वेगवेगळ्या स्प्रिंगांत मिळतो. एचकेएसच्या एसएसक्यूव्हीची रचना वेगळी, तो दाबातल्या फरकाने ओढून उघडतो, त्याला स्प्रिंग सेट करायची भानगडच नाही, नवख्याला तो सोपा पडतो. फक्त त्याच्या नकली कॉपी बाजारात इतक्या आहेत की मूळ पावतीशिवाय घेऊच नये, नकलीतली सील आणि डायफ्राम गरम झाल्यावर टिकत नाहीत.

फिटिंगमध्ये निम्मं यश त्या बारीक नळीत आहे, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. ती थ्रॉटलच्या पुढून, थेट मॅनिफोल्डवरून घ्यायची, आखूड ठेवायची, बूस्ट गेज किंवा फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या नळीत टी टाकून कनेक्शन वाटून घ्यायचं नाही. ब्रेक बूस्टरच्या नळीवर एकेरी व्हॉल्व्ह असतो, त्याच्या पलीकडे जोडलं तर वर बूस्ट पोचतच नाही आणि व्हॉल्व्ह बूस्टमध्येच उघडून बसतो, मग लोक टर्बो खराब झाला म्हणून फिरत राहतात. व्हॉल्व्हची जागा शक्यतो इंटरकूलरनंतर थ्रॉटलच्या जवळ. अ‍ॅल्युमिनियम पाइपवर फ्लँज वेल्ड करणार असाल तर पाइप गाडीतून काढूनच करा आणि आतला चुरा पूर्ण साफ करा, तो चुरा थेट इंजिनात जातो. सिलिकॉन होजला साध्या स्क्रू क्लिपपेक्षा टी-बोल्ट क्लॅम्प बरा, बूस्टला होज सुटून येत नाही. सगळं जोडल्यावर सिस्टिमला हलका दाब देऊन साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले की लीक सापडला.

बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह असेल तर इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि टिश्यू पेपरची बारीक पट्टी तोंडाजवळ धरा. पट्टी आत ओढली गेली म्हणजे व्हॉल्व्ह आयडलला उघडा आहे, फिल्टर न झालेली धूळ सरळ आत चालली आहे आणि मॅफ असेल तर न मोजलेली हवासुद्धा. स्प्रिंग कमीजास्त करणारा स्क्रू पाव पाव फेरा आवळत जा, पट्टी स्थिर झाली की अजून किंचित आवळून थांबा. मग रस्त्यावर तिसऱ्या गिअरला खेचून पाय सोडा, स्वच्छ 'प्श्श' आला तर झालं, फडफड आली तर स्प्रिंग फार कडक. अगदी कमी बूस्टला हलकी फडफड आली तर तिच्या मागे लागू नका. डायव्हर्टरला आयडलला थोडं उघडं राहिल्याने बिघडत नाही, हवा तिथल्या तिथेच फिरते.

भारतात ही हौस टर्बो पेट्रोल गाड्यांसोबत वाढली. २००४ च्या सुमाराला आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचं १.८ टर्बो इंजिन इथल्या बऱ्याच जणांचं पहिलं प्रेम, त्याला फोक्सवॅगनचाच '७१०एन' व्हॉल्व्ह हा स्वस्त आणि पक्का बदल. नंतर पोलो जीटी टीएसआय, २०१७ ची बलेनो आरएस, नेक्सॉन, आय२० एन लाइन आल्या. नव्या गाड्यांत व्हॉल्व्ह बऱ्याचदा टर्बोच्याच बॉडीवर असतो आणि ईसीयू त्याला विजेवर उघडतो, तिथे स्वतंत्र बीओव्ही न लावता मध्ये स्पेसर प्लेट टाकतात किंवा आतला पडदा काढून धातूचा पिस्टन बसवतात. काही लहान इंजिनांत वेगळा व्हॉल्व्ह दिलेलाच नसतो, तेव्हा पार्ट मागवायच्या आधी बॉनेट उघडून बघा. डिझेलला मात्र हे लावूच नका, डिझेलमध्ये पाय उचलला म्हणून थ्रॉटल मिटून हवा अडत नाही, तिथे विकले जाणारे किट फक्त बूस्ट सांडून आवाज काढतात.

कायद्याच्या बाजूने, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याच्या विरोधात आहेत, आणि वॉरंटी क्लेम नाकारायलाही हा पार्ट पुरेसा ठरतो. त्यामुळे वॉरंटीतल्या, रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला रीसर्क्युलेटिंगच ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे, टर्बोचं संरक्षण त्यात पूर्ण होतं. बसवल्यावर पहिले काही दिवस इंजिन गरम-गार झालं की क्लॅम्प पुन्हा एकदा आवळायचे. पिस्टनचा व्हॉल्व्ह असेल तर वर्षातून एकदा उघडून पुसायचा आणि कंपनीने सांगितलेलंच ग्रीस अगदी पातळ लावायचं, पावसाळ्यानंतर तर नक्कीच, कारण ओलसर धूळ बसली की पिस्टन अडकतो आणि अडकलेला पिस्टन बूस्टमध्ये उघडाच राहतो.