कुड्याची साल घेताना

आमच्याकडून कुड्याची साल किंवा भरड नेणारे बहुतेक जण आव, मुरडा आणि जुनी संग्रहणी यांसाठी नेतात. चरकसंहितेतही कफ, पित्त व रक्त बांधून सुकवणाऱ्या द्रव्यांत कुटजाची, म्हणजे कुड्याच्या झाडाची, साल श्रेष्ठ मानली आहे. या गुणामागे सालीतल्या अल्कलॉइडांचा (शरीरावर जोरदार परिणाम करणाऱ्या वनस्पतीतल्या द्रव्यांचा) मोठा वाटा आहे आणि त्यातलं मुख्य म्हणजे कोनेसिन. ते पहिल्यांदा वेगळं केलं हेन्स नावाच्या संशोधकांनी. १८५८ मध्ये त्यांनी ते मुंबईच्या वैद्यकीय सोसायटीच्या नियतकालिकात नोंदवलं.

कोनेसिन हे स्टेरॉइड जातीचं अल्कलॉइड आहे. आव पाडणाऱ्या अमिबावर ते मारक ठरतं, म्हणून विसाव्या शतकात डॉक्टरांनी ते शुद्ध स्वरूपातही वापरलं. पण त्या रुग्णांना झोप न येणं, अस्वस्थता, हातापायांना कंप, चक्कर असे त्रास होऊ लागले. पुढे कळलं, की कोनेसिन मेंदूतले हिस्टामिनला आवर घालणारे एच-३ ग्राहक (पेशींवरचे संदेश घेणारे भाग) अडवतं. हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं, तेव्हा उडालेल्या झोपेचा संबंध इथे असावा, असं आम्हाला वाटतं. 'झाडपाल्याचं आहे, थोडं जास्त घेतलं तर काय बिघडतं?' असं कुणी विचारलं की आम्ही हेच सांगतो. मात्रा वैद्यांनीच ठरवावी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, झटके येणाऱ्यांनी परस्पर घेऊ नये. लहान मुलांनाही देऊ नये.

साल पांढऱ्या कुड्याचीच हवी. बाजारात काळ्या कुड्याची साल सर्रास मिसळलेली असते. झाडावर ओळख सोपी: पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात, काळ्याच्या शेंगांची टोकं जुळलेली असतात. वाळलेल्या सालीत मात्र जीभच कामाची. कणभर तुकडा चघळून थुंकून टाका. पांढऱ्याचा कडूपणा लगेच जाणवतो आणि बराच वेळ जात नाही. तसा लागला नाही तर पुडी परत आणा, पैसे देऊ.

जुलाब होत असतील तर आधी जलसंजीवनी सुरू करा. ताप असेल, शौचात रक्त पडत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर सालीच्या भरवशावर न थांबता लगेच डॉक्टरांकडे जा. भरड हवाबंद बरणीत कोरडी ठेवा. पावसाळ्यात बुरशी लवकर धरते. बुरशी दिसली तर ती टाकून द्या.