रंकाळ्याच्या फेऱ्या ठीक, पण बैठका कोण मारणार?

सकाळी सहाला कोल्हापुरात रंकाळा तलावावर गेलात तर साठी-सत्तरीतली मंडळी झपाझप फेऱ्या मारताना दिसतात. चांगलंच आहे, हार्टला, शुगरला फायदा होतोच. पण फेरी संपवून कट्ट्यावर टेकलेली हीच माणसं उठताना बघा. आधी दोन्ही हात गुडघ्यांवर, मग पुढं झुकून एक झोका, नाही जमलं की परत बसायचं, आणि दुसऱ्या झटक्यात "आई गं" म्हणत उभं. पुढं कुणाच्या आधाराशिवाय राहता येणार का नाही, हे किती किलोमीटर चालता यापेक्षा या उठण्यावर जास्त ठरतं असं मला वाटतं, कारण कमोडवरनं उठणं काय, केएमटी बसची पायरी चढणं काय, सगळं तेच काम आहे.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर वेग अजून वाढतो. याला सार्कोपेनिया म्हणतात, हे नाव 1989 ला आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञानं सुचवलं. काट्यावर पत्ता लागत नाही, स्नायू गेला तिथं चरबी येऊन बसते आणि वजन आहे तेवढंच. त्यात ताकद स्नायूपेक्षा जास्त वेगानं उतरते. स्नायूत दोन जातीचे तंतू असतात, एक सावकाश पण न थकता काम करणारे आणि दुसरे झटक्यात जोर लावणारे. वयाबरोबर झटक्यावाले जास्त झिजतात, त्यांना हुकूम सोडणाऱ्या मज्जापेशी पण कमी होत जातात. निवांत चालण्यात काम पडतं ते मुख्यतः सावकाशवाल्यांना, म्हणून फेऱ्या मारूनही हे झटक्यावाले तसेच पडून राहतात. आणि महाद्वार रोडच्या गर्दीत कुणाचा धक्का लागला तर एका सेकंदाच्या आत पाऊल टाकून तोल सावरायला नेमके तेच लागतात!

बरं, आता या वयात काय होणार असं म्हणू नका. 1990 ला बोस्टनमध्ये 86 ते 96 वर्षांच्या 10 जणांकडून 8 आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला, एकानं मधेच सोडला, राहिलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. मांडीचा स्नायू मात्र 9 टक्केच वाढला होता, म्हणजे बरीचशी कमाल स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या नसांची, असलेला स्नायू नीट वापरायला त्या परत शिकल्या.

आपल्याकडं तर हे सांगायलाच नको, गल्लोगल्ली तालमी आहेत. पण जोर-बैठका म्हणजे पोरांचं काम असं आपण ठरवून टाकलंय आणि लग्न झालं की लंगोट खुंटीला. सत्तरीत पूर्ण बैठक कुणी मागत नाही, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या, हात छातीवर बांधा, पटकन उठा, सावकाश बसा. 30 सेकंदात किती वेळा जमतंय मोजा. 70 ते 74 वयात पुरुष 12 च्या आत आणि बायका 10 च्या आत अडकल्या तर पाय कच्चे आणि पडायचा धोका जास्त असं धरतात. डब्ल्यूएचओ पासष्टीच्या पुढं आठवड्यात निदान दोन दिवस ताकदीचे आणि निदान तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगते. गुडघे किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरना विचारा.

खाण्याचं पण तेच. दात नाहीत म्हणून आजोबा पांढरा रस्सा पितात आणि मटणाच्या फोडी नातवाच्या ताटात सरकवतात, आता प्रोटीन तर फोडीत असतंय! म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या किलोमागं रोज 1 ते 1.2 ग्रॅम तरी प्रोटीन पाहिजे असं बरेच तज्ज्ञ सांगतात (किडनीचा त्रास असेल तर वेगळा हिशेब). खिमा करा, अंडी द्या, नाहीतर दूध कट्ट्यावरचा एक ग्लास आहेच.

आणि घरातल्यांसाठी एक. आजारपणानंतर "पडून राहा, उठू नका" असं आपण मायेनंच म्हणतो. धडधाकट ज्येष्ठांना फक्त 10 दिवस अंथरुणावर ठेवलं तर पायातला चरबी सोडून जवळपास 1 किलो ऐवज, म्हणजे मुख्यतः स्नायू, गेला, असं एका प्रयोगात दिसलंय. डॉक्टरनी उठायला परवानगी दिली की ताट कॉटवर नेऊ नका, हात धरून त्यांनाच स्वयंपाकघरात आणा.