ड्रॅगनचा गेम नेण्याआधी

परीक्षा संपल्या की आमच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात काउंटरवर हमखास येणारी मागणी: "ड्रॅगनचा एखादा चांगला गेम द्या." देतो, कपाटात ढीगभर आहेत. पण तेवढं ऐकून आम्ही डिस्क काढत नाही. उलट विचारतो, ड्रॅगनचं करायचं काय? त्याच्याशी लढायचं, त्याच्यावर बसायचं, स्वतःच ड्रॅगन व्हायचं, की आभाळातून जाताना नुसता बघायचा? काही जण हसतात. पण चार दिवसांत बदलायला परत आलेले गेम पाहिले, तर घोळ बहुतेक इथंच झालेला असतो. मुलीला ड्रॅगन व्हायचं होतं आणि बाबांनी ड्रॅगन मारायचा गेम नेला. म्हणून हे पत्रक.

स्वतः ड्रॅगन व्हायचंय

आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी आम्ही डोळे झाकून 'स्पायरो रीइग्नायटेड ट्रिलॉजी' देतो. स्पायरो हा जांभळ्या रंगाचा, जरा आगाऊ पोरगा-ड्रॅगन. पहिला गेम १९९८ साली प्लेस्टेशन या गेमयंत्राच्या पहिल्या आवृत्तीवर आला. तोच आणि पुढचे दोन नव्याने रंगवून २०१८ मध्ये एकत्र काढले. पहिल्या भागात खलनायकाने बाकीच्या ड्रॅगनांचे स्फटिकाचे पुतळे करून टाकलेले असतात. असे ऐंशी पुतळे शोधून त्यांना सोडवायचं.

शस्त्रं दोनच, तोंडातली आग आणि डोक्यावरची शिंगं. अंगात लोखंडी चिलखत असलेल्यावर आग चालत नाही, आडदांड शत्रूवर शिंगं चालत नाहीत. एवढा नियम कळला की पोरं कोणाला न विचारता खेळत बसतात. पडद्यावर आरोग्याची पट्टी नाही. स्पायरोसोबत एक चतुर उडत असतो, त्याच्या रंगावरून किती जीव उरलाय ते समजतं. वाटेतल्या मेंढ्यांना आग लावली की फुलपाखरू निघतं आणि ते खाऊन चतुर पुन्हा ताजातवाना होतो. (मेंढ्यांबद्दल एका आजींनी आमच्याकडे नाराजी नोंदवली आहे. ती रास्त आहे.)

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, स्पायरो मनात येईल तेव्हा उडत नाही. उंचावरून उडी मारून तरंगत जातो. खरं उडणं फक्त काही खास टप्प्यांत मिळतं. आणि डिस्क किंवा कार्ड घेतलंत तरी तिन्ही भाग पूर्ण खेळायला इंटरनेटवरून बरंच डाउनलोड करावं लागतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ही गाडी ढकलू नका.

दोन भावंडं असतील तर 'बबल बॉबल'. ताइतो कंपनीचा १९८६ चा पार्लरमधला गेम, दोन गुबगुबीत ड्रॅगन बुडबुडे सोडून शत्रूंना त्यात कोंडतात. एकट्याने शंभर लेव्हल पार केल्या तरी खरा शेवट दिसत नाही, त्यासाठी जोडीदार लागतोच. भांडणाऱ्या भावंडांसाठी यापेक्षा बरी युक्ती आमच्या दुकानात नाही. 'बबल बॉबल ४ फ्रेंड्स' घेतलात तर चौघं एकदम खेळू शकतात आणि जुना मूळ गेमही त्यातच मिळतो.

लढायचंय

इथं गर्दी फार आहे. पण कॉलेजातला, नोकरीतला माणूस पहिल्यांदाच विचारत असेल तर आमचं उत्तर 'स्कायरिम'. ११ नोव्हेंबर २०११ ला आला आणि अजून आमच्याकडे महिनाभर पडून राहत नाही. सुरुवातीला तुमचे हात बांधलेले, बैलगाडीसारख्या गाडीतून तुम्हाला शिरच्छेदाला नेत असतात. मान ओंडक्यावर ठेवली जाते आणि तेवढ्यात आभाळातून काळा ड्रॅगन उतरतो. जीव वाचतो तो त्याच्यामुळे, आणि पुढं सगळा झगडाही त्याच्याशीच.

या गेममधले ड्रॅगन बोलतात. त्यांची भाषा आहे, पंज्यांनी दगडावर ओरखडावी अशी लिपीही आहे. त्यांचं आग ओकणं म्हणजे त्या भाषेतला शब्द उच्चारणं. म्हणजे दोन ड्रॅगन एकमेकांवर आग टाकतात तेव्हा त्यांच्या दृष्टीने तो वादविवाद असतो! मारलेल्या ड्रॅगनचा आत्मा तुमच्यात येतो आणि त्याच्या बळावर तुम्हीही ते शब्द वापरू लागता. सगळ्यात उंच डोंगरावर एक म्हातारा ड्रॅगन राहतो, पार्थुर्नाक्स. त्याच्याशी गप्पा मारायला आमचे काही गिऱ्हाईक लढाया सोडून वर जातात. त्याचा आवाज चार्ल्स मार्टिने यांचा, म्हणजे वर्षानुवर्षं मारिओचा आवाज काढणारे तेच. एकदा कळलं की ते डोक्यातून जात नाही, क्षमस्व.

'स्कायरिम'बद्दल एक तक्रार आमच्याकडे वरचेवर येते: "वीस तास खेळलो, ड्रॅगनच येत नाहीत." गेम बिघडलेला नसतो. व्हाइटरन शहराच्या पश्चिमेच्या टेहळणी बुरुजावरची लढाई मुख्य कथेत येते. ती होईपर्यंत रानावनात ड्रॅगन फिरकत नाहीत. तुम्ही फुलपाखरं पकडत, बटाटे-कोबी चोरत हिंडत राहिलात तर तसेच हिंडत राहाल. तेवढी लढाई उरका, मग तेच तुमच्या मागे लागतील. सतत वर घिरट्या घालणाऱ्या ड्रॅगनला जमिनीवर उतरायला लावणारा एक शब्द कथेत पुढं मिळतो, तोवर धनुष्यबाण जवळ ठेवा.

स्पेशल एडिशनच घ्या, त्यात नंतरचे जोडभाग आहेत. पीसीवर १२ जीबी जागा पुरते, त्यामुळे जरा जुना संगणक असलेल्यांनाही हाच सुचवतो.

'स्कायरिम' झालाय आणि आता अंगावर येणारं काही हवंय? मग 'एल्डन रिंग' (२०२२). सुरुवातीच्याच भागातल्या तळ्यात मोकळेपणाने घोडा घालाल तर वरून ॲगहील नावाचा ड्रॅगन थेट पुढ्यात उतरतो. पहिल्या दिवशी त्याच्याशी लढू नये, पळावं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आम्हीही पळालोय. पुढं ड्रॅगनची काळजं मिळवून, ती खाऊन त्यांची विद्या घेता येते. पण हा गेम चिडखोर माणसाला देऊ नका. दोन कंट्रोलर भिंतीवर फुटल्याचं आम्ही ऐकलंय आणि दोन्ही वेळा नवा कंट्रोलर विकलाय.

मित्रांची चौकडी असेल तर 'मॉन्स्टर हंटर वर्ल्ड'. चौघं ऑनलाइन जमतात, राथालोससारख्या आग ओकणाऱ्या उडत्या श्वापदामागे लागतात, शेपूट तोडतात आणि त्याच्याच खवल्यांचं चिलखत शिवून घेतात. शिकायला वेळ लागतो, पहिले दहा तास मेनू वाचण्यात जातात असं समजा. 'ड्रॅगन्स डॉग्मा: डार्क अराइझन' जुना आणि स्वस्त आहे. त्यात ड्रॅगन तुमचं काळीजच काढून नेतो आणि ते परत आणायला तुम्ही निघता. मोठ्या श्वापदाच्या अंगावर चढून वार करण्याची मजा त्यात आहे तशी दुसरीकडे आम्हाला मिळाली नाही.

बसायचंय

खरं सांगायचं तर या खणात माल कमी आहे. ड्रॅगनवर मांड ठोकून वाटेल तिथं भटकावं असा मनासारखा गेम अजून आमच्या हाती लागलेला नाही. 'स्कायरिम'च्या एका जोडभागात ड्रॅगनवर बसता येतं, पण लगाम तुमच्या हातात नसतो, तो त्याच्या मर्जीने घिरट्या घालतो. सेगाचा १९९५ चा 'पान्झर ड्रगून' २०२० मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या गेमयंत्रावर नव्याने आला. त्यात ड्रॅगनच्या पाठीवरून चौफेर नेम धरायचा, वाट मात्र ठरलेली. देखणा आहे, पण एका संध्याकाळीत संपतो. पूर्ण किमतीला नेऊ नका, आमच्याकडून भाड्याने न्या.

नुसता बघायचाय

'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये आगीचा, बर्फाचा आणि विजेचा असे तीन लांबलचक ड्रॅगन आभाळातून आपल्या वाटेने जात असतात. ते मुद्दाम तुमच्या अंगावर धावून येत नाहीत. बाण मारून खवला मिळवता येतो. नाही मारला तरी चालतं. पहाटे कड्यावर उभं राहून ते बघणं, एवढ्यासाठी हा गेम घेतलेला एक गिऱ्हाईक आम्हाला ठाऊक आहे.

नावात ड्रॅगन, आत पत्ता नाही

'डबल ड्रॅगन' म्हणजे रस्त्यावर गुंडांना बडवणारे दोन भाऊ. 'लाइक अ ड्रॅगन' ही जपानी गुंडांची मालिका, ड्रॅगन आहे तो नायकाच्या पाठीवर गोंदलेला. त्यातली गोष्ट झकास आहे, पण सहावीतल्या मुलाच्या वाढदिवसाला नेण्याची नव्हे. आणि पोकेमॉनमधला चॅरिझार्ड दिसतो अगदी ड्रॅगन, पण मूळ गेममध्ये त्याची जात अग्नी आणि उडणारा अशी लिहिलेली आहे. यावर आमच्या काउंटरवर कडाक्याची भांडणं झालेली आहेत.

घरात आधीच असेल तर

तुमच्याकडे 'माइनक्राफ्ट' असेल तर पैसे खर्च करण्याआधी मुलांना विचारा, एंडर ड्रॅगनपर्यंत पोचलात का? बरीचशी पोरं घरं बांधण्यातच रमतात. ड्रॅगनच्या भोवती उंच खांबांवर दहा स्फटिक असतात, ते त्याच्या जखमा भरून काढतात. आधी ते फोडायचे, मग ड्रॅगन. तिथं झोपायला पलंग टाकू नका, स्फोट होतो. (मुरलेले खेळाडू त्या स्फोटानेच ड्रॅगनला मारतात.)

नेण्यापूर्वी एवढं बघा

आमच्या बऱ्याच डिस्कच्या वेष्टनावर वयाचा चौकोन असतो, ७ हिरवा, १२ आणि १६ केशरी, १८ लाल. 'स्पायरो'वर ७ आहे, 'एल्डन रिंग'वर १६, 'स्कायरिम'वर १८. आम्ही बारा वर्षांच्या मुलाला एकट्याला 'स्कायरिम' देत नाही, सोबत मोठं माणूस आणा.

पीएस-५ (प्लेस्टेशन ५) ची डिस्क ड्राइव्ह नसलेली आवृत्ती असेल तर आमची कोणतीच डिस्क तुमच्या कामाची नाही. हे लाजू नका, आधी सांगा. पीएस-४ च्या डिस्क बहुतेक पीएस-५ वर चालतात, उलटं चालत नाही. परदेशातून नातेवाइकांनी आणलेली डिस्क इथं चालते, पण तिच्यासोबतचा डाउनलोड कोड त्याच देशाच्या अकाउंटवर चालतो.

मोबाइलवरचे ड्रॅगन पाळायचे गेम फुकट उतरतात, पण अंडं लवकर उबवायला पैसे मागतात. फोनला बँकेचं कार्ड जोडलेलं असेल तर खरेदीवर पासवर्ड लावा, मगच पोरांच्या हाती द्या.