बँड म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय म्हातारं होतं?

सिंधुदुर्गात डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा आमनेसामने सामना, ऐकायला बसलेला माणूस फारसा दयाळू नसतो. बुवांचा वरचा सा जरा हलला की मागून कुणीतरी म्हणतंच, "बुवांनी आता घराक बसाक व्हया." हाच शेरा सध्या जगभरातल्या रॉक बँडना ऐकावा लागतो, कारण साठच्या दशकातली विशीतली पोरं आता ऐंशीला टेकली आहेत. रोलिंग स्टोन्स 1962 पासून वाजवताहेत. त्यांचा गायक मिक जॅगर याच्या हृदयाच्या झडपेवर 2019 मध्ये उपचार झाले, आणि 2024 मध्ये तो पुन्हा दौऱ्यावर होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एरोस्मिथने मात्र दौरे कायमचे थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यांचा गायक स्टीव्हन टायलर जॅगरपेक्षा जवळपास पाच वर्षांनी लहान. 2023 मध्ये गाताना त्याच्या स्वरयंत्राला दुखापत झाली आणि ती पूर्ण बरी झाली नाही.

म्हणजे जन्मसालावरून निकाल लागत नाही. गळा, कान, हात आणि स्मरण ही चारही एका चालीने म्हातारी होत नाहीत.

गळ्याचं आधी बघू. स्वरतंतू म्हणजे स्नायूवर मऊ आवरण असलेल्या दोन घड्या. बोलताना पुरुषाच्या गळ्यात त्या सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा एकमेकींवर आपटतात. उतारवयात त्यातला स्नायू बारीक होतो, कडा आत वाकतात आणि मध्ये फट राहते. तिथून हवा गळते, आवाजात श्वास मिसळतो. त्यात फुप्फुसांचा भाताही पूर्वीइतका भरत नाही. उंच स्वर लावायला तंतू ताणावे लागतात. पण ज्या कूर्चांच्या हालचालीने ते ताणले जातात, त्या वयाबरोबर हाडासारख्या कडक होतात. म्हणून आधी जातात ते वरचे स्वर.

आता पेटीवरचा हिशेब करा. काळी चारला, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी कळ सा धरून, गाणाऱ्या पुरुषाने वरचा सा लावला की तंतू सेकंदाला सुमारे 415 वेळा आपटतात. पट्टी काळी तीनवर आणली की सुमारे 370 वेळा. सेकंदाला पंचेचाळीस आघात कमी, आणि ताणही कमी. श्रोत्यांपैकी किती जणांना हे कळेल? माझ्या मते फार थोड्यांना. पण समोरच्या बारीतला तरणा बुवा काळी चारलाच गात असेल, तर खाली उतरायला मन धजत नाही, आणि गळा बहुतेकदा तिथेच फाटतो.

कानाचं दुखणं जास्त वाईट, कारण ते परत फिरत नाही. प्रत्येक कानात जन्मतः सुमारे 15,000 केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, असतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असं धरलं, तर दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला पाव तास उरतो. रॉकच्या मंचावर आवाज याच्याही वर जातो, आणि शिमग्यात ढोलाशेजारी नाचणाऱ्याची गतही वेगळी नसते. एसी/डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सन 2016 मध्ये डॉक्टरांच्या सांगण्यावरून दौरा अर्धवट सोडून बाहेर पडला. (त्याचं स्वतःचं म्हणणं, कान गेले ते बोळे न घालता गाड्यांच्या शर्यती केल्यामुळे.) 2023 मध्ये तो बँडसोबत मंचावर परतला, पण कानात खास यंत्रणा बसवून.

हातापायांत वेगाने आकसणारे स्नायुतंतू आधी झिजतात, त्यामुळे फटका बसतो तो ड्रमवाल्याला. जेनेसिस बँडचा ड्रमवाला आणि गायक फिल कॉलिन्स याला मणक्याच्या आणि नसांच्या त्रासामुळे ड्रम सोडावे लागले. जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम 2022 मध्ये लंडनला झाला तेव्हा तो खुर्चीत बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा होता. आपल्याकडे पखवाजावर पोरगा बसला तर कुणाला नवल वाटत नाही.

टिकतं ते शब्दभांडार आणि मुरलेलं ज्ञान. ते साठी-सत्तरीपर्यंत फारसं ढळत नाही. दशावतारात लिखित संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या रचायचे असतात. म्हणून पुराणं पचवलेला, राजाचं काम करणारा म्हातारा नट रात्र जिंकू शकतो, भले युद्धनृत्यात धापा टाकेना का. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन उतारवयात कमी रचना निवडायचा, त्यांचाच जास्त रियाज करायचा, आणि द्रुत जागेच्या आधी थोडं संथ वाजवून पुढची जागा जलद भासवायचा. मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस वार्धक्याबद्दल बोलताना हे उदाहरण देत. रुबिनस्टाइन 1976 पर्यंत, म्हणजे नव्वदीला टेकेपर्यंत, मंचावर होता. थांबला तो नजर गेली म्हणून.

तेव्हा निवृत्ती घ्यायचीच तर आधी पट्टीने घ्यावी, मग आवाजाच्या पातळीने, आणि माणसाने सगळ्यात शेवटी. गिटारवाल्यांना हे सोपं जातं: सगळ्या तारा थोड्या ढिल्या केल्या की अख्खा बँड अर्धा स्वर खाली येतो, आणि कित्येक बँड तेच करतात. पेटीवालाही बोटं सरकवून मोकळा होतो. अडतो तो पखवाज. त्याची शाईची (काळा लेप लावलेली) बाजू गायकाच्या सा-ला लावलेली असते आणि ठोकून-उतरवून ती थोडीच हलते. पट्टी दोन स्वरांनी उतरली तर दुसरा, मोठ्या तोंडाचा पखवाज आणावा लागतो, म्हणून पट्टीचा निर्णय पखवाजवाल्याला बारीच्या आदल्या दिवशीच कळवलेला बरा.