एडवर्ड लिअरची हिंदुस्थान सफर : एका फिरत्या चित्रकाराची पार्श्वभूमी

इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअर आज ओळखला जातो तो लिमरिकांसाठी, म्हणजे पाच ओळींच्या विनोदी कवितांसाठी, आणि होडीतून निघालेल्या त्या घुबड-मांजराच्या कवितेसाठी. कविता तो ओळखीच्यांच्या मुलांना हसवायला लिहायचा. पोट मात्र आयुष्यभर चित्रांवर, आणि त्यातही मुख्यतः निसर्गचित्रांवर भरले. २२ नोव्हेंबर १८७३ रोजी तो मुंबईत उतरला तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. नजर अधू, लहानपणापासून फेफऱ्याचा आजार. अशा माणसाने पुढचे वर्षभर हिमालयापासून सिलोनपर्यंत भटकावे, हे आधीच्या पिढीत जवळपास अशक्यच होते.

आधीच्या पिढीतले नाव डॅनियल या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांचे. थॉमस आणि विल्यम डॅनियल १७८६ मध्ये कलकत्त्याला आले आणि १७९३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर पोचले. त्यांची १४४ छापील दृश्ये १८०८ पर्यंत टप्प्याटप्प्याने निघत राहिली, आणि इंग्लंडातल्या श्रीमंतांच्या डोळ्यांपुढचा हिंदुस्थान बऱ्याच अंशी त्यांनीच घडवला. लिअरच्या काळात मामला सोपा झाला होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली. घासून उगाळाव्या लागणाऱ्या कोरड्या रंगवड्यांच्या जागी चटकन विरघळणारे ओलसर रंग तर १८३०च्या दशकातच बाजारात आले होते. खिशात मावेल अशा डबीत सारे सामान जायचे.

लिअरचे शिक्षण असे काही झालेच नाही. एकवीस भावंडांतला हा विसावा. वडिलांचा शेअरदलालीचा धंदा बुडाल्यावर थोरल्या बहिणीने, अ‍ॅनने, त्याला वाढवले. पंधरा-सोळाव्या वर्षी तो चित्रे विकत होता. अठराव्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बसून जिवंत पोपट रंगवायला लागला, आणि ४२ चित्रांचे त्याचे पोपटांचे पुस्तक १८३० ते १८३२ या काळात वर्गणीदारांच्या पैशावर निघाले. मेलेल्या, पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून चित्रे काढायची त्या काळची सर्रास रीत होती. लिअरचे पोपट मात्र खरोखर डोळे वटारून पाहतात. पण बारीक पिसांचे काम डोळ्यांना झेपेना. १८३६ मध्ये त्याने एका पत्रात लिहिले की शहामृगाहून लहान पक्षी आता मला दिसायचा नाही. पुढच्याच वर्षी तो रोमला गेला आणि निसर्गचित्रांकडे वळला. १८४६ मध्ये व्हिक्टोरिया राणीला चित्रकलेचे धडे दिले, तरी त्यातून स्थैर्य आले नाही. इटली, अल्बानिया, इजिप्त, जॉर्डनमधले प्राचीन पेट्रा, कॉर्सिका, जिथे जाईल तिथली दृश्ये इंग्रज गिऱ्हाइकांना विकायची, हाच व्यवसाय. पेट्राला १८५८ मध्ये टोळीवाल्यांनी त्याला घेरले आणि खिसे रिकामे केले; पैशांबरोबर रुमाल आणि उकडलेली अंडीसुद्धा गेली.

त्याची काम करण्याची तऱ्हा मला त्याच्या तयार चित्रांपेक्षा जास्त रंजक वाटते. जागेवर बसून पेन्सिलीने भराभर रेखाटन करायचे. रंग भरायला वेळ नसे, म्हणून रंग कागदावर लिहून ठेवायचे: इथे फिका जांभळा, इथे वाळू, इथे खडक. त्यातले शब्द पुष्कळदा मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने. कोपऱ्यात ठिकाण, तारीख, बहुतेकदा वेळही. मग संध्याकाळी मुक्कामावर किंवा थेट घरी परतल्यावर त्या रेषा तपकिरी शाईने पक्क्या करायच्या आणि वर रंगाचे पातळ हात द्यायचे. या कागदांना तो चित्र मानतच नसे. तो त्याचा कच्चा माल होता. विकायची चित्रे त्यांवरून घरी बनत. १८६२-६३ च्या हिवाळ्यात तर साठ जलरंगचित्रे त्याने एकदम मांडली आणि सगळ्यांवर एक रंग, मग सगळ्यांवर दुसरा, असे करत संपवली. या मालाला त्याने स्वतःच ‘जुलमी’ असे नाव दिले होते. ती चित्रे पाहिली की नाव पटते.

हिंदुस्थानचे आमंत्रण व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक याचे. तो लिअरचा जुना स्नेही; प्रवासाचा खर्चही त्याचाच. १८७२ मध्ये लिअर निघाला आणि सुएझहूनच परत फिरला. वर्षाने पुन्हा निघाला. सोबत १८५६ पासूनचा नोकर, कॉर्फू या ग्रीक बेटावरचा जॉर्जिओ कोकाली. मुंबईतले कपडे, रंग आणि गर्दी पाहून लिअर हरखला. बनारसपुढे नेपल्स आणि कॉन्स्टँटिनोपल मिळमिळीत, असे त्याने लिहिले. दार्जिलिंगहून दिसणाऱ्या कांचनगंगेशी मात्र त्याचे सूत जुळले नाही: फार दूर, फार देवासारखी. पण गिऱ्हाइकांना तीच हवी होती, म्हणून पुढे तिची मोठी तैलचित्रे करावी लागली.

१८७४ च्या पावसाळ्यात तो पुण्यात अडकून होता. त्याच साली मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात त्याची ‘कमरबंद’ ही कविता आली. तिच्यात एक बाई धोब्यावर बसून चांदणी पाहते आणि शेवटी कमरबंद तिला गिळतो. साहेबाच्या घरातले नोकरचाकर आणि वस्तू यांची अशी अदलाबदल वाचून त्या वेळच्या मुंबईकर इंग्रजांना गंमत वाटली असणार. आपल्याला आज जरा वेगळेही काही वाटू शकते.

पुण्याहून हैदराबाद, मद्रास, निलगिरी, मलबार, सिलोन. तिथे जॉर्जिओ आजारी पडला आणि जानेवारी १८७५ मध्ये दोघे मुंबईहून युरोपला परतले. सोबत साडेपाचशेहून जास्त रेखाटने होती. त्यांतली फारच थोडी पुढे तयार चित्रांत उतरली. लिअर १८८८ मध्ये इटलीतल्या सान रेमोला वारला. १९२९ मध्ये लंडनच्या लिलावात त्याची रेखाटने गठ्ठ्यागठ्ठ्यांनी स्वस्तात गेली. हिंदुस्थानातली बहुतेक आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, रंगांच्या त्या लिखित सूचनांसकट.