घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटीव्हायरस आणि फायरवॉल निवडणं

घरच्या कॉम्प्युटरचं संरक्षण म्हणजे मुख्यतः दोन प्रोग्राम. अँटीव्हायरस मशीनवर आलेल्या फाइल्स आणि चालणारे प्रोग्राम तपासतो, आणि फायरवॉल नेटवरून मशीनशी कोण बोलू शकतं ते ठरवतो. दोन्ही वेगळी कामं आहेत, एक असला म्हणून दुसरा नको असं होत नाही. पण दुकानात किंवा नातेवाईकांत विषय निघाला की चर्चा फक्त "कुठल्या कंपनीचा चांगला" एवढ्यावरच होते. खरं तर आजच्या विंडोजवर हे दोन्ही आधीपासून असतात, चालूही असतात, आणि साध्या घरगुती वापराला बहुतेक वेळा पुरतातही. म्हणजे नवीन काय विकत घ्यायचं हा प्रश्न नंतरचा, आधी आहे ते चालू आहे का आणि अपडेट होतंय का ते बघायचं.

इतिहास

पीसीवरचा पहिला व्हायरस धरतात तो 'ब्रेन', १९८६ चा, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये (मशीन सुरू होताना आधी वाचला जाणारा भाग) बसायचा आणि गंमत म्हणजे त्यात त्या भावांनी स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर सगळं घातलेलं होतं. त्यानंतरची काही वर्षं व्हायरस मुख्यतः फ्लॉपीवरूनच फिरले, आणि आपल्याकडे पुण्यात याच काळात कैलास काटकर हे कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान चालवत असताना त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढायचं सॉफ्टवेअर लिहिलं, तेच पुढे क्विक हील झालं. आधी कंपनीचं नाव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं, २००७ मध्ये ते क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि २०१६ ला कंपनी शेअर बाजारात आली. महाराष्ट्रात गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याकडे अँटीव्हायरसचा डबा मागितला की बरेचदा हाच हातात पडायचा, त्याचं कारण हे रिपेअरिंगवाल्यांचं जाळं. मुंबईची ईस्कॅन आणि चेन्नईची के७ याही जुन्या भारतीय कंपन्या.

फायरवॉलचं महत्त्व लोकांना कळलं ते ऑगस्ट २००३ मध्ये, ब्लास्टर नावाच्या वर्ममुळे, म्हणजे नेटवरून आपोआप पसरणाऱ्या व्हायरसमुळे. तेव्हा डायल-अप किंवा केबलवाल्याची वायर थेट मशीनला लावलेली असायची, मध्ये राऊटर वगैरे काही नाही. विंडोज एक्सपी नवीन टाकलं, नेट जोडलं, काही क्लिक केलं नाही, काही डाउनलोड केलं नाही, आणि थोड्या वेळात स्क्रीनवर सिस्टीम शटडाऊनची छोटी खिडकी यायची, ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू, आणि मशीन बंद होऊन परत चालू. परत नेट जोडलं की परत तेच. कारण वर्म बाहेरून पोर्ट १३५ वर (नेटवरून मशीनमध्ये यायच्या नंबरवार दारांपैकी एक) येऊन विंडोजच्या एका सर्व्हिसमधल्या भोकातून घुसत होता. त्या भोकाचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने आदल्याच महिन्यात दिलेला होता, आणि एक्सपीमध्ये फायरवॉलसुद्धा होती, फक्त बाय डिफॉल्ट, म्हणजे आपण काही बदललं नाही तर, बंद. हे झाल्यावर मग ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटमध्ये ती बाय डिफॉल्ट चालू करून टाकली.

अँटीव्हायरसचं असंच. २००९ ला मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स फुकट दिलं, २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर पूर्ण अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्येच आला. सुरुवातीची काही वर्षं तो टेस्टमध्ये खालच्या नंबरात असायचा, त्यामुळे "डिफेंडर काही कामाचा नाही" हे वाक्य जे तेव्हा रुजलं ते अजून ऐकू येतं, जरी गेली काही वर्षं तो पैसे देऊन घ्यायच्या प्रॉडक्टांच्या बरोबरीने उभा असला तरी.

अँटीव्हायरस काय बघतो

जुनी पद्धत सिग्नेचरची, म्हणजे माहीत असलेल्या व्हायरसच्या खुणांची यादी आणि फाइल त्या यादीशी ताडून बघायची. नवीन व्हायरस यादीत येईपर्यंत तो सुटतो, म्हणून रोजच्या अपडेटला एवढं महत्त्व. आता त्याच्या जोडीला वागणूक बघतात, एखादा प्रोग्राम अचानक शेकडो फाइल्स धडाधड बदलायला लागला तर तो रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्राम, असू शकतो म्हणून थांबवायचा. आणि अनोळखी फाइलची चौकशी कंपनीच्या सर्व्हरकडे करतात, त्यामुळे नेट नसताना अँटीव्हायरस थोडा अधू होतो.

आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेला पेनड्राइव्ह. घरी उघडला की फोल्डर सगळे जागच्या जागी दिसतात, पण नीट बघितलं तर आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो, म्हणजे ते फोल्डर नाहीतच, शॉर्टकट आहेत, खरे फोल्डर हिडन करून ठेवलेत. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि लगेच खरा फोल्डरही उघडून देतो, त्यामुळे समोरच्याला काही झालंय याचा पत्ताच लागत नाही. पेनड्राइव्ह लावल्या लावल्या आपोआप प्रोग्राम चालायचा तो ऑटोरन मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये आणि २०११ च्या अपडेटने एक्सपी-व्हिस्टावर बंद केला, म्हणून तर हे शॉर्टकटवाले आले, आता क्लिक माणसाकडून करून घ्यायचा. असा पेनड्राइव्ह आधी स्कॅन करायचा आणि घाबरून फॉरमॅट मारायचा नाही, कारण आतला डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो, फक्त लपवलेला असतो.

अँटीव्हायरस चुकतोही. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने एक्सपीचीच एक महत्त्वाची सिस्टीम फाइल व्हायरस समजून अडकवली आणि जगभर मशीनं वारंवार रिस्टार्ट व्हायला लागली. म्हणून सापडलेली फाइल लगेच डिलीट न करता क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून, ठेवणारं सेटिंग बरं.

आपला अँटीव्हायरस जागा आहे का हे बघायला आयकार नावाची टेस्ट फाइल मिळते, ६८ अक्षरांचा नुसता मजकूर, अपाय काहीच नाही, पण सगळ्या कंपन्यांनी ठरवून तिला व्हायरस म्हणून पकडायचं मान्य केलंय. सेव्ह केल्यावर अँटीव्हायरस गप्प बसला तर समजायचं की तो नुसताच कोपऱ्यात आयकॉन मिरवतोय.

फायरवॉल

बहुतेक घरांत आता पहिली फायरवॉल म्हणजे भिंतीवरचा वायफाय राऊटर. घरातले सगळे डिव्हाइस त्याच्यामागे एकाच पत्त्याने नेटवर जातात, त्यामुळे बाहेरून कोणी स्वतःहून आत यायला बघितलं तर राऊटरला ते कोणाकडे पाठवायचं हेच माहीत नसतं आणि तो ते टाकून देतो. ब्लास्टरसारखा वर्म आज घरच्या मशीनपर्यंत सहजी पोचत नाही त्याचं मोठं श्रेय याला. मात्र राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड केबलवाला लावून गेला तोच वर्षानुवर्षं ठेवायचा नाही, आणि बाहेरून राऊटरमध्ये लॉगिन करता येणारं रिमोट मॅनेजमेंट चालू असेल तर बंद करायचं.

दुसरी फायरवॉल मशीनवरची. तिची गरज अशी की राऊटर घरातल्या घरात काही अडवत नाही, मुलाचा लॅपटॉप बाधित झाला तर तो त्याच वायफायवरून बाबांच्या मशीनला जाऊन भिडू शकतो, आणि लॅपटॉप कॅफेत किंवा होस्टेलवर नेला तर तिथे घरचा राऊटर नसतोच. विंडोजची फायरवॉल बाय डिफॉल्ट आत येणारं अडवते आणि बाहेर जाणारं जाऊ देते, सोसायटीच्या वॉचमनसारखं, आत येणाऱ्याला नाव विचारतो पण बॅगा घेऊन बाहेर पडणाऱ्याला सलाम ठोकतो. बाहेर जाणाऱ्याचीही झडती घेणाऱ्या फायरवॉल मिळतात, झोनअलार्मने ते एकेकाळी खूप लोकप्रिय केलं होतं, पण घरी त्या टिकत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण दर पाच मिनिटांनी "अमुक प्रोग्रामला नेट देऊ का" असं विचारलं की माणूस दोन दिवसांत न वाचता हो म्हणायला लागतो आणि मग त्या फायरवॉलला काही अर्थ उरत नाही.

विंडोजची खिडकी क्वचित येते, म्हणून ती वाचावी. एखादा गेम किंवा प्रोग्राम बाहेरून कनेक्शन घ्यायला बघतो तेव्हा ती विचारते की प्रायव्हेट नेटवर्कवर परवानगी द्यायची की पब्लिक. घरचा वायफाय प्रायव्हेट, बाकी सगळं पब्लिक, आणि पब्लिकची टिक शक्यतो द्यायचीच नाही. जो प्रोग्राम आपण चालू केलेलाच नाही त्याच्यासाठी खिडकी आली तर कॅन्सल करून आधी तो काय आहे ते बघायचं.

निवड

कंपनी बघायची तर जाहिरात किंवा दुकानदाराचं मार्जिन न बघता टेस्ट बघाव्यात. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्था नियमित टेस्ट घेतात आणि निकाल फुकट वाचता येतात. नुसतं किती व्हायरस पकडले ते बघू नका, वरच्या नावांत तिथे फरक किरकोळ असतो. चांगल्या फाइल्सना किती वेळा उगाच पकडलं आणि मशीन किती स्लो केलं हे आकडे घरच्यासाठी जास्त उपयोगाचे, विशेषतः मशीन जुनं असेल, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क, तर जड अँटीव्हायरस टाकल्यावर ते चालतच नाही आणि मग वैतागून कोणीतरी अँटीव्हायरसच बंद करून ठेवतं.

दोन अँटीव्हायरस एकत्र टाकू नयेत, दोघंही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडतात आणि एकमेकांवर संशय घेत बसतात. दुसऱ्या कंपनीचा टाकला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो. इथे एक खाच आहे, नवीन लॅपटॉपबरोबर जो ट्रायल येतो तो संपल्यावर तसाच पडून राहतो, अपडेट बंद, वर सारखे "रिन्यू करा" म्हणून पॉपअप. घ्यायचा नसेल तर तो सरळ अनइन्स्टॉल करायचा, म्हणजे डिफेंडर परत कामाला लागतो, आणि विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी खूण दिसते ना याची खात्री करायची.

फुकटच्या अँटीव्हायरसची किंमत कधीकधी वेगळ्या प्रकारे चुकवावी लागते. अव्हास्टने वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकली, हे बाहेर आल्यावर जानेवारी २०२० मध्ये जंपशॉट बंद करावी लागली आणि २०२४ ला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. कॅस्परस्कीची गोष्ट वेगळी, टेस्टमध्ये नेहमी वर, पण कंपनी रशियन म्हणून अमेरिकेने २०२४ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली, त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांना तो पर्याय नाही. नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी, अविरा ही चार नावं वेगवेगळी दिसतात, पण आता मालक एकच आहे, जेन डिजिटल.

पैसे देऊन घ्यायचा तर कशासाठी हे आधी ठरवा. एका लायसन्समध्ये घरातले चार-पाच डिव्हाइस, मुलांसाठी पॅरेंटल कंट्रोल, आणि अडलं तर फोन करून मराठी-हिंदीत बोलता येईल असा सपोर्ट, ही कारणं मला पटतात. गावी आई-वडील एकटे मशीन वापरतात अशा घरी तर शेवटचं कारण एकटंच पुरेसं आहे. पीसी क्लीनर, स्पीड बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर यासाठी मात्र एक रुपया देऊ नये. पहिल्या वर्षी घसघशीत सवलत आणि रिन्यूअलला पूर्ण भाव हा या धंद्याचा नेहमीचा प्रकार, तेव्हा ऑटो रिन्यूअल बंद करून ठेवलेलं बरं. मशीनला आधीच लागण झाली असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून साफसफाईची टूल्स फुकट देतं, आधी ती वापरून बघावीत.

जे या दोघांच्या आवाक्याबाहेर आहे

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं भोक. विंडोजचा अ‍ॅक्टिव्हेटर असो, गेम असो, नाहीतर डीटीपीचे मराठी फॉन्ट असोत, बरोबरच्या सूचनेत पहिलीच ओळ असते "अँटीव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा", आणि लोक करतात. मालकानेच दार उघडून दिल्यावर कुठल्याही कंपनीचा प्रोग्राम काय करणार.

तसंच "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, या नंबरवर फोन करा" असं ब्राउझरमध्ये येतं ते खोटं असतं. खरा अँटीव्हायरस व्हायरस सापडल्याच्या इशाऱ्यात फोन नंबर देत नाही. फोन केला की पलीकडचा माणूस स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकायला लावतो, ते अ‍ॅप व्हायरस नसल्यामुळे अँटीव्हायरस काही बोलत नाही, आणि पैसे जातात. गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, जितका लवकर तितके पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

अपडेटचं मोल २०१७ ने दाखवलं. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर मे महिन्यात आला, त्याचा पॅच मार्चमध्येच निघालेला होता. जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस तेच भोक वापरून पसरला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल त्यात अडकलं. आज हाच प्रश्न विंडोज १० चा आहे, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या व्हायरसच्या याद्या त्यावर येत राहतात, पण विंडोजमधली भोकं त्यांनी बुजत नाहीत, त्यामुळे मशीन विंडोज ११ घेत नसेल तर वाढीव सिक्युरिटी अपडेटला नाव नोंदवणं हे महागडा अँटीव्हायरस घेण्यापेक्षा आधी करायचं काम.

रॅन्समवेअरसाठी विंडोजमध्ये कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस नावाचं सेटिंग २०१७ पासून आहे, ठरावीक फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रामला लिहू देत नाही, पण बाय डिफॉल्ट बंद असतं. ते चालू करावं, आणि अँटीव्हायरसचे वाचलेले पैसे एका एक्सटर्नल हार्ड डिस्कमध्ये घालावेत, लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, मुलांची सर्टिफिकेटं त्यावर कॉपी करून ती डिस्क काढून कपाटात ठेवायची. मशीनला कायम लावून ठेवली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाइल्सही लॉक करतो.

मॅकवर एक्सप्रोटेक्ट हा अँटीव्हायरस आतच असतो, पण फायरवॉल बरेचदा बंद सापडते, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी. लिनक्सवाल्यांना उबुंटूत यूएफडब्ल्यू ही फायरवॉल मिळते, तीही आपण चालू करेपर्यंत बंदच असते.