वेठबिगार व बालमजुरी प्रतिबंध, जागतिक उत्पादनातील

एका देशात पिकणाऱ्या किंवा घडवल्या जाणाऱ्या आणि दुसऱ्या देशात खपणाऱ्या मालाच्या उत्पादनात सक्तीचे श्रम व बालश्रम वापरले जाऊ नयेत, यासाठी शासनांनी केलेले कायदे, आंतरराष्ट्रीय करार, आयातबंदी, तपासणी व पुनर्वसन या सर्वांचा समावेश या संज्ञेत होतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या २९ व्या करारानुसार, शिक्षेच्या धाकाने करून घेतलेले आणि ज्यासाठी करणारा स्वेच्छेने पुढे आलेला नाही असे कोणतेही काम वा सेवा म्हणजे सक्तीचे श्रम होत. व्याख्येतील ‘स्वेच्छा’ हा शब्द सर्वांत अडचणीचा ठरला आहे; भुकेपोटी दिलेली संमती ही संमती मानावी काय, आणि ती तशी नव्हती हे कोणी सिद्ध करावे, या दोन प्रश्नांभोवतीच पुढील बहुतेक कायदे फिरतात. प्रस्तुत नोंदीत गुजरातमधील इतिहास व स्थिती यांवर विशेष भर आहे.

संज्ञा व व्युत्पत्ती : ‘वेठबिगार’ हा ‘कागदपत्र’ या शब्दासारखा, दोन भाषांतील समानार्थी शब्दांचा जोड आहे. ‘वेठ’ हा मराठी व गुजरातीत सारखाच आढळणारा शब्द संस्कृत ‘विष्टि’ (सक्तीचे विनामूल्य काम) या शब्दापासून प्राकृतातून आला, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. ‘वेढा’ या शब्दाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह ध्वनिसाम्यामुळे होतो, परंतु त्याला अर्थाचा आधार मिळत नाही. ‘बिगार’ हा फार्सी ‘बेगार’ या शब्दापासून आलेला आहे. त्याची ‘बे’ व ‘कार’ अशी फोड लोकप्रिय असली, तरी ‘कामाविना’ हा अर्थ सक्तीच्या कामाला लावताना बरीच ओढाताण करावी लागते, त्यामुळे ही फोड तूर्त शंकास्पद मानणे बरे. ‘वेठीस धरणे’ हा वाक्प्रचार आता वृत्तपत्रांत बहुधा संपकरी कामगारांविरुद्ध वापरला जातो; पूर्वी जे वेठीला धरले जात, त्यांच्याकडेच धरण्याचे कर्तेपण गेले आहे, हा अर्थबदल कोशकाराने नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

विष्टीचा गुजरातमधील सर्वांत परिचित प्राचीन उल्लेख जुनागढ येथील शक क्षत्रप राजा रुद्रदामन याच्या शिलालेखात येतो. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध आपण ‘अपीडयित्वा करविष्टिप्रणयक्रियाभिः पौरजानपदं जनम्’, म्हणजे कर, वेठ व तथाकथित ऐच्छिक देणग्या यांनी प्रजेला न पिडता बांधला, असा दावा त्यात आहे. लेखाचा काळ इ.स. १५० असा सरसकट दिला जातो; तथापि लेखातील (शक संवत्) ७२ हे वर्ष बांध फुटल्याचे आहे, लेख कोरल्याचे नव्हे. तेव्हा ‘इ.स. १५० किंवा त्यानंतर लवकरच’ असे म्हणणे अधिक सुरक्षित होय. वेठ न घेणे ही राजाने मिरवण्याची गोष्ट होती, यावरून वेठ घेणे हीच रीत असावी, असे अनुमान निघते.

या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, पण क्वचितच उल्लेखिला जाणारा पुरावा खुद्द वडोदऱ्यात प्रसिद्ध झालेला आहे. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ मध्ये चि. डा. दलाल व ग. का. श्रीगोंदेकर यांनी संपादिलेल्या लेखपद्धति या दस्तऐवजांच्या नमुनासंग्रहात दासीविक्रीची खते आहेत. त्यांत वि. सं. १२८८ (सु. इ.स. १२३१-३२) हे वर्ष वारंवार येते, परंतु काही नमुन्यांवर त्याआधीच्या, तर काहींवर पुष्कळ नंतरच्या मिती असल्याने संकलन टप्प्याटप्प्याने वाढत गेले असावे. खतांमध्ये दासीने करावयाच्या कामांची यादी असते : कांडण, दळण, सारवण, झाडलोट, पाणी भरणे, सरपण आणणे, गुरांचे पाहणे आणि शेतातील कामे. एक प्रकार ‘स्वयमागत’ दासीच्या खताचा आहे. दुष्काळात आप्तांनी टाकलेली मुलगी ‘आपण होऊन’ दास्य पत्करते आणि तसे लिहून देते. कागदावर स्वेच्छा पूर्ण आहे. २९ व्या कराराची कसोटी शब्दशः लावली, तर हे खत निर्दोष ठरण्याचा धोका आहे. ही खते केवळ लेखनाचे नमुने असल्याने ती प्रत्यक्ष व्यवहाराचा पुरावा मानू नयेत, असेही म्हणता येईल. तथापि ज्या व्यवहाराला गिऱ्हाईक नाही त्याचा मसुदा लेखनिक जपून ठेवत नाही.

संस्थानी व ब्रिटिश काळ : बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात आणि लगतच्या सुरत जिल्ह्यात हाळी पद्धत रूढ होती. दुबळा जमातीतील तरुण लग्नासाठी जमीनमालकाकडून (धणियामो) रक्कम घेई आणि त्याचा हाळी म्हणून राही; बायको मालकाच्या घरी राबे. कर्ज फिटत नसे आणि पुढची पिढी त्यातच येई. हे दास्य होते की आश्रय, यावर बराच वाद झाला आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण गुजरातमध्ये क्षेत्रपाहणी करणारे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी आश्रय व शोषण हे एकाच नात्याचे दोन भाग होते आणि कर्ज फेडले जावे अशी अपेक्षाच मुळात नव्हती, असे मत मांडले. उपलब्ध वर्णनांशी तेच अधिक जुळते.

बालश्रमाविरुद्ध संस्थानाचे कार्य कारखाना-कायद्यापेक्षा शाळेच्या मार्गाने झाले. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८१ च्या कारखाना-कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामास मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. या कायद्यामागे दया होती की मुंबईच्या स्वस्त सुताला आवर घालण्याची लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची इच्छा, हा प्रश्न तेव्हापासून पडलेला आहे. दोन्ही होते असे मानावे लागते. श्रममानकांच्या आडून व्यापाराला कुंपण घातले जाते, हा भारतीय संशय येथून सुरू होतो. १९९६ च्या सिंगापूर येथील जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्रिपरिषदेत व्यापारकरारांत श्रमविषयक अट घालण्यास भारताने विरोध केला, तो याच परंपरेतला होता. तो विषय श्रम संघटनेच्या कक्षेत राहील असे तेथे ठरले. पुढे मात्र ही भूमिका सैल झाली, आणि ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापारकरारात श्रमविषयक प्रकरण आहे.

भारतीय कायदा : संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार व बेगार यांना, तर २४ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी व इतर धोक्याच्या कामांत ठेवण्यास मनाई केली. संविधानाच्या इंग्रजी पाठातही ‘बेगार’ हाच शब्द ठेवलेला आहे, त्यामुळे त्याचा अर्थ लावण्याची वेळ आली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचा आधार घेतला. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांविषयीच्या या खटल्यात (१९८२) किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती आणि जमादार त्यातून माणशी एक रुपया कापून घेत. मोल्सवर्थच्या अर्थात मोबदला न देता करून घेतलेले काम येते. येथे मोबदला होता, पण अपुरा. न्या. भगवती यांनी सक्ती केवळ दंडुक्याची नसते, भूक व दारिद्र्य यांमुळे पर्याय न उरणे हीदेखील सक्तीच आहे आणि किमान मजुरीपेक्षा कमी दराने करून घेतलेले काम हे सक्तीचे श्रम होय, असे ठरवले. ‘स्वयमागत’ खताला एवढे नेमके उत्तर दुसऱ्या कोणत्या कायद्यात सापडणे कठीण आहे.

बांधील श्रमपद्धती (निर्मूलन) कायदा, १९७६ ने बांधील कर्जे रद्द केली. त्यातील पंधराव्या कलमाकडे सहसा दुर्लक्ष होते : मजुराने कर्ज बांधीलकीचे असल्याचे म्हटल्यास ते तसे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे सावकारावर असते. १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायालयाने हे तत्त्व आणखी पुढे नेऊन, सक्तीचे काम दिसले की त्यामागे उचल आहे असे गृहीत धरावे, असे म्हटले. बालमजुरीचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये बदलून चौदा वर्षांखालील मुलांना सर्व कामांत मनाई झाली, मात्र शाळेच्या वेळेबाहेर कौटुंबिक उद्योगात मदत करण्यास मुभा राहिली. या सवलतीवर बरीच टीका झाली आहे. भारताने १३८ व १८२ क्रमांकांच्या बालश्रमविषयक करारांना १३ जून २०१७ रोजी अनुसमर्थन दिले. १८२ व्या करारास २०२० पर्यंत श्रम संघटनेच्या सर्व सदस्य देशांनी मान्यता दिली होती.

आयातीवरील निर्बंध : अमेरिकेच्या १९३० च्या जकात-कायद्यातील ३०७ वे कलम कैदी व सक्तीच्या श्रमाने बनलेल्या मालाची आयात रोखते. देशातील उत्पादन गरजेला अपुरे असेल तर ते लागू नये अशी सवलत त्यात होती, आणि कोको किंवा चहा यांसारख्या मालाबाबत तिने कलमच निष्प्रभ केले. २०१६ मध्ये ती काढली. संशय सबळ असेल तर जकात खाते माल बंदरातच अडवून ठेवण्याचा आदेश काढते, आणि आयातदाराला तीन महिन्यांत तो निर्दोष असल्याचा पुरावा द्यावा लागतो किंवा माल परत पाठवावा लागतो. २१ जून २०२२ पासून अमलात आलेल्या अमेरिकेच्या विगुर सक्तश्रम प्रतिबंधक कायद्याने चीनमधील शिंजियांग या विगुर लोकांच्या प्रदेशात पूर्णतः वा अंशतः तयार झालेला प्रत्येक माल सक्तीच्या श्रमाचाच आहे, असे गृहीत धरले. सिद्धतेचे ओझे उलटवण्याची ही युक्ती अभिनव म्हणून वाखाणली गेली; भारतीय कायद्यात ती पंचेचाळीस वर्षांपूर्वीच आली होती, फक्त ती सावकारापुरती होती, सरहद्दीवर नव्हती. युरोपीय संघाचा २०२४ चा विनियम १४ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायचा असून त्यात सिद्धतेचे ओझे मुख्यतः अधिकाऱ्यांवरच राहते. जर्मनीने २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठासाखळीची तपासणी सक्तीची केली. फ्रान्सचा तशाच स्वरूपाचा कायदा २०१७ चा आहे.

बंदीचे परिणाम सरळ नसतात. अमेरिकेत १९९२ मध्ये बालश्रमाच्या मालावरील बंदीचे विधेयक नुसते मांडले जाताच बांगलादेशातील तयार कपड्यांच्या कारखान्यांतून मुले काढून टाकली गेली आणि त्यांतील पुष्कळ अधिक वाईट कामांत गेली. १९९५ च्या करारात मुलांना काढण्याआधी शाळेची सोय करण्याचे ठरले ते त्यानंतर. उझबेकिस्तानात याउलट घडले. तेथे कापूस वेचणीची सक्ती शासनच करीत असे, त्यामुळे ती थांबवणेही शासनाच्या हाती होते. २०२१ च्या हंगामात पद्धतशीर सक्ती आढळली नाही, आणि पुढील वर्षी तेथील कापसावरील बहिष्कार उठला. ब्राझीलमध्ये १९९५ पासून फिरती तपासणी पथके आहेत.

गुजरातमधील स्थिती : जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस ‘संकर-४’ १९७० मध्ये सुरत येथील संशोधन केंद्रातून आला, आणि त्याच्या बियाणे-उत्पादनाने बालश्रमाचे एक नवे क्षेत्र निर्माण केले. कपाशीच्या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असल्याने, उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कळी उकलून तिचे पुंकेसर नखाने वा बोटांनी काढावे लागतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचे परागकण तिच्यावर घासावे लागतात. फूल दिवसभरच टिकते, त्यामुळे हंगामात पहाटेपासून अंधार पडेपर्यंत शेकडो झाडांवर हेच काम चालते. साबरकांठा व बनासकांठा भागांतील अशा शेतांवर दक्षिण राजस्थानातून मुले आणली जात. लहान बोटांचे कौशल्य हे त्यासाठी दिले जाणारे कारण फारसे टिकत नाही. मोठ्या माणसाची बोटेही ते करतात, फक्त मजुरी जास्त मागतात. संकरित सरकी अमेरिकी श्रम विभागाच्या यादीत बालश्रम व सक्तीचे श्रम या दोन्ही सदरांत आहे.

मात्र बालश्रमाचा बहुतांश भाग निर्यातीच्या मालात नाही. श्रम संघटना व सहयोगी संस्थांच्या २०१९ च्या अंदाजानुसार मध्य व दक्षिण आशियातील बालश्रमापैकी सु. १२ टक्केच निर्यातीशी जोडलेला होता. २०२४ च्या जागतिक अंदाजात काम करणारी मुले सु. १३.८ कोटी असून त्यांपैकी ६१ टक्के शेतीत आहेत. वडोदऱ्याच्या कडियानाक्यावर (रोजंदारी मजुरांच्या नाक्यावर) सकाळी उभी असणारी दाहोद, छोटा उदेपूर व झाबुआकडील कुटुंबे, शहराभोवतालच्या वीटभट्ट्या, किंवा मुकादमाकडून उचल घेऊन खानदेश व डांगातून दक्षिण गुजरातेत येणारे ऊसतोडीचे ‘कोयते’ (नवराबायकोची जोडी) यांच्या कामाचा माल बहुधा देशातच खपतो, आणि परदेशी बंदरातील आदेश त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांना १९७६ चा कायदाच लागू पडतो. त्यात जिल्हादंडाधिकारी हा अंमलबजावणीचा अधिकारी असून त्याने दिलेले मुक्तता-प्रमाणपत्र हा पुनर्वसनाचा पाया आहे. २०१६ च्या केंद्रीय योजनेत प्रौढ पुरुषास एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि अतिगंभीर प्रकरणांत तीन लाख रुपये ठरवले आहेत. परंतु तत्काळ द्यावयाची लहान रक्कम सोडता बाकीची मूळ योजनेत खटल्याच्या निकालाशी जोडलेली होती.